खण क्रमांक चौदा

मानवी ज्ञानात खरोखरची भर घालणारी माणसं हजारात एखादी असतात आणि काळ त्यांना कधी विसरत नाही. बाईंनी घातलेली भर साडेअकरा मिलिमीटर लांब होती, तिचा मागचा डावा पाय गहाळ होता, आणि काळाचं सोडा, खुद्द संग्रहालयाच्या साहेबांना ती कुठल्या खणात ठेवलीय हे दर वेळी विचारावं लागायचं.

ही भर म्हणजे एक भुंगेरा. लाकूड पोखरून राहणाऱ्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक भलंमोठं खानदान आहे. त्यातले काही इतके देखणे असतात की लोक दागिना समजून उचलतात आणि पाय हलले की किंचाळून फेकतात. बाईंचा भुंगेरा म्हणजे या खानदानातला साधा नातेवाईक. पाठ न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी, कडेला जरा हिरवी झाक. पोट मात्र जांभळं आणि झगझगीत. पण देवानं सगळी शोभा नेमकी खालच्या बाजूला का खर्च केली, हे शास्त्राला अजून कळलेलं नाही. साऱ्या जगात या जातीचा एवढा एकच नमुना होता. तो बाईंनी शोधला होता. कुठे, तर त्याच संग्रहालयाच्या कीटक विभागात, खण क्रमांक चौदामध्ये.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई नोकरीला नव्या लागल्या होत्या आणि नव्या माणसाला जे काम देतात ते त्यांना दिलं होतं: आवरणे. चौदा नंबरच्या खणात एका जुन्या वनाधिकाऱ्यांनी डोंगरमाथ्यावरच्या जंगलातून गोळा केलेले भुंगेरे सुयांवर रांगेत उभे होते. त्यांच्या पायाशी, खणाच्या तळाला, हा एक आडवा पडलेला. सुई नाही, चिठ्ठी नाही. संग्रहालयात चिठ्ठी नसलेल्या वस्तूला कचरा म्हणतात आणि चिठ्ठी असलेल्या कचऱ्याला वस्तू. बाईंना त्याची दया आली. शेजारच्या भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर होतं तेच त्यांनी सुवाच्य अक्षरात नव्या चिठ्ठीवर उतरवलं, "डोंगरमाथा, दाट जंगल", आणि त्याला सुई टोचून रांगेत उभं केलं.

पुढची दोन वर्षं त्या तो भुंगेरा संग्रहातल्या चार हजार भुंगेऱ्यांशी ताडून बघत होत्या. कुणाशी जुळेना. शेवटी त्यांनी दोन पानी लेख लिहून जाहीर केलं की ही जात नवी आहे, आणि तिला लॅटिनमध्ये नाव दिलं. त्याचा अर्थ "डोंगरमाथ्यावर राहणारा".

नाव दिलं तशी जबाबदारी आली. नमुना एक, दुसरा हवाच. तेव्हापासून बाईंच्या घरातली प्रत्येक सुट्टी डोंगरमाथ्यावर गेली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे चढण किती आहे हे त्याला आधीच कळायचं आणि तो आधीपासूनच दमायचा. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस दोघांनी एका वठलेल्या झाडाखाली, हातात जाळी घेऊन, एकमेकांशी एक अक्षर न बोलता घालवला. बोललं तर भुंगेरे उडतात, असं बाईंचं म्हणणं होतं. एका कड्यावरून घसरून नवऱ्याचा पाय मोडला तेव्हाही बाईंनी आधी तो ज्या ओंडक्यावर पडला तो ओंडका उलटून पाहिला.

"मी इकडे आहे," नवरा म्हणाला होता.

"दिसतंय मला. तुम्ही कुठे उडून जाणार आहात?"

सासूबाईंना हा सगळा खटाटोपच कळत नसे. "एक सापडलाय ना? मग पुरे की," त्या म्हणत. "मलाही एकच मुलगा. मी गेले का दुसरा शोधत?"

तर अशी सगळी सुखाची घडी बसलेली असताना एका सोमवारी पत्र आलं. पत्र तज्ज्ञांचं होतं. या खानदानावर हयात घालवलेला हा माणूस गावोगावच्या संग्रहालयांत फिरून भुंगेरे तपासायचा आणि खोट्या जाती रद्द करायचा. आतापर्यंत त्याने एकशे सदतीस जाती रद्द केल्या होत्या. काही तर त्याच्या स्वतःच्या गुरूंच्या होत्या. पत्र चार ओळींचं होतं. गुरुवारी येत आहे. तुमची जात ही नेहमीच्या हिरव्या भुंगेऱ्याचाच एक रंग उडालेला नमुना असावा असा संशय आहे. दुसरा नमुना असल्यास तयार ठेवावा. नसल्यास जात रद्द करण्यावाचून गत्यंतर नाही.

बाईंनी पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, घरी गेल्या आणि चष्मा न काढता पलंगावर आडव्या झाल्या. हे त्यांनी याआधी फक्त एकदा केलं होतं, वडील गेले तेव्हा.

नवरा उशाशी येऊन बसला. "अगं, अजून दोन दिवस आहेत. उद्या रजा टाकू. पूर्वेकडचा डोंगर राहिलाय."

"पूर्वेकडचा तीनदा झालाय."

"मग ईशान्येकडचा."

"अहो, तो डोंगर नाहीये. ती खाण आहे."

"खाणीला माथा असतोच ना," नवरा म्हणाला. भूगोलाच्या माणसानं असं बोलावं यावरून तो किती हादरला होता ते दिसतंच.

"बावीस वर्षं," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "एकच गोष्ट माझ्या नावावर आहे हो. तीपण रंग उडालेली निघणार."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "त्याला थोडं पॉलिश लावून ठेवलं तर?"

तेवढ्या दुःखातही बाईंना हसू आलं. पण ते फार टिकलं नाही.

गुरुवार उजाडला. आता संग्रहालयाचं वैशिष्ट्य असं की कुठलीही दोन महत्त्वाची कामं तिथे एकाच दिवशी आणि एकाच खोलीत निघतात. कीटक विभागात स्टीलची कपाटं येणार होती आणि जुनी लाकडी मोडीत निघणार होती. त्यासाठी साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं, तेही नेमकं गुरुवारी. त्यामुळे खोलीच्या एका टोकाला तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकावर ओणवे होऊन बाईंच्या भुंगेऱ्याचं भवितव्य ठरवत होते, आणि दुसऱ्या टोकाला मिस्त्री रिकामे खण एकेक करून हातोड्यानं फोडत होते. प्रत्येक ठोक्याला भुंगेरा भिंगाखाली अर्धा मिलिमीटर सरकायचा.

तज्ज्ञ उंच, वाळकुडे होते. गळ्यात दोऱ्याला भिंग अडकवलेलं. फार बोलायचे नाहीत. फक्त "हं" म्हणायचे. बाईंनी तासाभरात ओळखलं की "हं" दोन प्रकारचे आहेत. एक आखूड, म्हणजे "पाहिलं". दुसरा लांब, म्हणजे "रद्द". आतापर्यंत दोन लांब झाले होते.

"रंगात फरक आहे," तज्ज्ञ म्हणाले, "पण रंग उडतो. कपाळावरचे खळगे वेगळे आहेत, पण एखाद्याचं कपाळच तसं असतं. दुसरा असता तर बोलता आलं असतं."

"डोंगरमाथ्यावर फार दुर्मीळ आहे तो," बाई म्हणाल्या.

"हंऽऽ," तज्ज्ञ म्हणाले. तिसरा लांब.

आणि हातोडा थांबला.

थांबला तो थांबलाच. एवढा वेळ ज्याचा त्रास होत होता तो आवाज बंद झाल्याचाच सगळ्यांना त्रास होऊ लागला. बाईंनी मान वळवली. मिस्त्री एक खण कानाला लावून उभे होते, शंख ऐकावा तसे.

"ताई," ते म्हणाले, "हा खण मी फोडणार नाही."

"का हो मिस्त्री?"

"आत काम चालू आहे."

बाई उठून गेल्या. खण क्रमांक चौदा. त्यांनी कान लावला. मागच्या जाड फळीतून आवाज येत होता: करर्र, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा करर्र. कुणीतरी आतल्या बाजूनं, घाई न करता, जेवढं जमेल तेवढं कुरतडत होतं.

"वाळवी?" बाई म्हणाल्या.

"वाळवी घोळक्यानं खाते. हा एकटाच आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि सावकाश खातोय. चांगल्या घरचा दिसतो."

तज्ज्ञ कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी खण हातात घेतला, कान लावला, डोळे मिटले. मग "हं" न म्हणता ते म्हणाले, "टेबल रिकामं करा."

खण टेबलावर ठेवला. तिघं त्याच्याभोवती खुर्च्या ओढून बसले. दहा मिनिटांनी साहेब आले. "आवाज का बंद झाला?" त्यांनी विचारलं. काम चालू असल्याची खात्री ते आवाजावरून करत.

"शूऽऽ," तिघं म्हणाले. साहेबांना संग्रहालयात आजवर कुणी गप्प केलं नव्हतं. ते मुकाट्यानं चौथ्या खुर्चीवर बसले.

फळीवर आधी पांढुरका भुसा दिसला, चिमूटभर. मग टाचणीच्या टोकाएवढं भोक. मग भोकातून एक मिशी बाहेर आली, तिनं हवा चाचपली, आणि हवा नापसंत पडल्यासारखी परत आत गेली.

"हे कुणाच्या परवानगीनं बाहेर येतंय?" साहेबांनी हळूच विचारलं.

"साहेब, आत जायलाही त्यानं विचारलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

भोक लंबगोल होत गेलं. डोकं आलं. डोक्यामागे खांदे आले आणि अडकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भुंगेरा दारातच राहिला. बाईंना कपाळ दिसत होतं, कपाळावरचे खळगे दिसत होते, आणि हे कपाळ त्या स्वतःच्या कपाळापेक्षा जास्त ओळखत होत्या.

"पटाशी लावून जरासं मोठं करू का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही!" तिघंही एकदम ओरडले. साहेब सगळ्यात मोठ्यानं.

त्या ओरडण्याला दचकून म्हणा, किंवा त्याची वेळ झाली म्हणून म्हणा, भुंगेऱ्यानं एक हिसका दिला आणि तो टप्पकन खणात पडला, पाठीवर. पोट वर. आणि काय तो जांभळा रंग! बावीस वर्षं वाळलेल्या पोटावर बाईंनी जो पाहिला होता ती याची नुसती आठवण होती, हा मूळ ऐवज होता. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर एक जांभळा ठिपका नाचू लागला. भुंगेरा सहा पायांनी, होय, सहाच्या सहा पायांनी, हवेत सायकल चालवत होता. मग तो सुलटा झाला, दोन पावलं चालला आणि बसून मिश्या साफ करू लागला, जणू प्रवासातून आला होता.

"पॉलिश झकास आहे," मिस्त्री म्हणाले.

तज्ज्ञ फरशीवर गुडघे टेकून बसले होते. भिंग डोळ्याला लावलेलं, नाक खणात. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "खळगे तेच. कडा त्याच. आणि हा नर आहे. तुमची ती मादी होती." मग त्यांनी मान वर केली. एकशे सदतीस जाती रद्द करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, जात खरी आहे हो तुमची."

बाईंना काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात धरले आणि त्या नुसत्याच ते वरखाली हलवत राहिल्या. मिस्त्रींच्या हातातला हातोडाही वरखाली होत होता. साहेबांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत वर्तमानपत्रांना पाठवायचं निवेदन तोंडी सांगायला सुरुवातही केली: "डोंगरमाथ्यावरील घनदाट अरण्यातील अतिदुर्मीळ..."

तज्ज्ञ आता खुर्चीवर बसून बाईंचा तो दोन पानी लेख पुन्हा वाचत होते. तळटीप क्रमांक तीनवर त्यांचं बोट थांबलं.

"तुम्ही लिहिलंय, सापडला तेव्हा याच्या पाठीवर सुईचं छिद्र नव्हतं. बहुधा डिंकानं चिकटवलेला असावा."

"हो."

"डिंक सापडला होता कुठे?"

"नाही."

"हं," तज्ज्ञ म्हणाले. हा प्रकार बाईंना नवीन होता. ना आखूड, ना लांब.

त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे देखभालीच्या वह्या होत्या. बावीस वर्षांपूर्वीची वही त्यांनी काढली. नव्या माणसाचं सुवाच्य अक्षर. तारीख, भुंगेरा सापडला तीच. "खण १४, आतली बाजू, मागची फळी: एक लंबगोल भोक आढळले. मेण भरून बुजवले." खाली त्यांचीच सही.

बाई वही हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणजे तो कधी डोंगरावर नव्हताच. सुईवरून तो पडला नव्हता, कारण सुईवर तो कधी चढलाच नव्हता. तो फळीतून बाहेर आला, खणात चार पावलं चालला, वर काचेचं झाकण पाहिलं आणि निराश होऊन मेला. त्याला डोंगर, जंगल आणि लॅटिन नाव बाईंनी दिलं होतं. आणि तो आला त्या दारात, त्याच दिवशी, त्यांनीच मेण भरलं होतं. मग त्या त्याला शोधायला वीस वर्षं जंगलात गेल्या.

ही वही बाईंशिवाय कुणी उघडत नसे. मेणाचा तुकडा मागच्या फळीवर होता आणि ती फळी संध्याकाळपर्यंत जळणात जाऊ शकत होती. जात तर आता पक्की झालीच होती. भिंतीपलीकडे साहेबांचा आवाज येत होता: "...दऱ्याखोऱ्यांत अथक भटकंती करून..."

"अथक" हा शब्द ऐकला आणि बाईंना हसू फुटलं. नवऱ्याचा मोडलेला पाय आठवला, खाणीचा माथा आठवला, ओंडके आठवले, एकूण किती ओंडके उलटले असतील ते आठवलं, आणि त्या वहीवर कपाळ टेकून इतक्या हसल्या की चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटलं रडतायत, आणि तो कप ठेवून पाय न वाजवता निघून गेला.

डोळे पुसत त्या बाहेर आल्या आणि वही तज्ज्ञांसमोर ठेवली. "निवेदन थांबवा साहेब," त्या म्हणाल्या. "अरण्य खोडायचंय."

मिस्त्रींनी नखानं मेण खरवडलं. जुनं भोक नव्यापासून दोन बोटांवर होतं. अगदी तसंच लंबगोल.

"पण बाई," साहेब कळवळून म्हणाले, "जंगल असू द्या ना. कुणाला कळणार आहे?"

"त्याला कळलंय," बाई म्हणाल्या आणि खणाकडे बोट दाखवलं. भुंगेरा अजून मिश्याच साफ करत होता.

तज्ज्ञ मोठ्यानं हसले. त्यांना हसताना पाहिल्याची नोंद कुठल्याही संग्रहालयात नाही. मग ते मिस्त्रींकडे वळले. "ही कपाटं कुणी केली?"

"आमच्या वडिलांनी. तीस वर्षं झाली. एक नंबरचं लाकूड आहे, बघा ना तुम्ही. फक्त ह्या एका खणाला मागची फळी कमी पडली, म्हणून खोक्याची लावली. कसलं तरी यंत्र आलं होतं त्यातून."

"खोकं कुठून आलं होतं?" तज्ज्ञांनी श्वास रोखून विचारलं. भुंगेऱ्याचं मूळ गाव आता एका वाक्यावर होतं.

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "दुकानातून," ते म्हणाले.

म्हणजे अळीनं तीस वर्षं खोक्याचं वाळकं लाकूड खाल्लं होतं. ओल्या लाकडात ती दोन वर्षांत मोठी झाली असती. पण वाळक्यात सत्त्व नाही, म्हणून तिनं मंजुरीला पाठवलेल्या फायलीच्या गतीनं वाढायचं ठरवलं. दर वर्षी विभागात कीड मारायची धुरी व्हायची, ती स्वतः बाईच करत. अळीनं तीही पचवली.

बाईंनी नवऱ्याला शाळेत फोन लावला.

"अहो, सापडला."

पलीकडे वर्गातला गोंधळ ऐकू येत होता. "कुठे? ईशान्येला?"

"ऑफिसात."

गोंधळ तसाच.

"ऑफिसात कुठे?"

"माझ्या टेबलापासून सहा फुटांवर."

"आधीपासून?"

"आधीपासून."

मग नवरा वर्गातल्या मुलांना म्हणाला, "नकाशे बंद करा. आज सुट्टी." आणि फोनमध्ये म्हणाला, "आईला मी सांगतो. आणि या सुट्टीत आपण समुद्रावर जायचंय. सपाट समुद्रावर."

लेख बाई आणि तज्ज्ञ यांनी मिळून लिहिला. "आढळ" या सदरात त्यांनी खण क्रमांक चौदा, मागची फळी, असं लिहिलं. संपादकांनी दोनदा विचारणा केली आणि दोन्ही वेळा तेच उत्तर गेलं. नाव मात्र बदलता आलं नाही. एकदा दिलेलं लॅटिन नाव चुकीचं ठरलं तरी राहतं, असा नियम आहे. त्यामुळे डोंगरमाथ्यावर राहणारा हा भुंगेरा शास्त्रात कायमचा डोंगरमाथ्यावरच राहणार आहे. तज्ज्ञांनी बाईंच्या जातीसमोर स्वतःच्या हातानं "वैध" असं लिहिलं, आणि त्या गुरुवारी रात्रीच्या गाडीची वेळ टळून गेली तरी ते भुंगेऱ्याला बघत खिडकीशी उभेच होते.

भुंगेरा खिडकीतल्या बरणीत एकोणीस दिवस जगला. बाईंनी आणि तज्ज्ञांनी आळीपाळीनं त्याच्यासमोर बसून रोज साडेदहापासून साडेपाचपर्यंत निरीक्षण केलं. तो हलेना. खाईना, चालेना, उडेना. लेखात "अत्यंत मंद व सुस्त" असं लिहूनही झालं होतं. मिस्त्री रोज स्टीलच्या कपाटांचे स्क्रू आवळायला येत होते. अकराव्या दिवशी त्यांनी बरणीकडे पाहून विचारलं, "ताई, हा आत्ता झोपलाय का? नाहीतर रोज नुसता भिरभिरत असतो."

त्यावरून शास्त्राला हे कळलं की ही जात दिवसातून एकदाच, कडक उन्हात, दुपारी एक ते दोनच्या दरम्यान उडते.

एक ते दोन विभागाची जेवणाची सुट्टी असते.